इंग्रजी पत्रात कॉमा पुन्हा पुन्हा त्याच जागी चुकतो: कारण आणि दुरुस्ती

तक्रार नेहमीची आहे. पत्र तयार होतं, साहेबांकडे जातं आणि लाल शाईनं तीन कॉमे घालून परत येतं. दुरुस्त करून पुढे पाठवलं की दुसरे साहेब त्यातले दोन काढतात आणि एक भलत्याच जागी घालतात. मग टेबलाभोवती वाद सुरू होतो. एक म्हणतो, इथे वाचताना थांबतो ना आपण, मग कॉमा हवाच. दुसरा म्हणतो, ‘अँड’च्या आधी कॉमा द्यायचा नाही असं आम्हाला शाळेत शिकवलंय. तिसरा म्हणतो, कानाला बरं लागत नाही. पत्र एका पानाचं, पण डिस्पॅचला जायला संध्याकाळ होते. पुढच्या आठवड्यात तसंच वाक्य येतं आणि तोच वाद पुन्हा उभा राहतो.

मी फोर्टमधल्या एका कार्यालयात गेली १९ वर्षं इंग्रजी पत्रव्यवहार बघते. माझं शिक्षण मराठी माध्यमातलं, आणि माझ्याकडे ड्राफ्ट घेऊन येणारी बरीच मुलं-मुलीही मराठी माध्यमातलीच. त्यांचं इंग्रजी कच्चं नसतं. शब्द असतात, काळ बरोबर असतात, स्पेलिंग तर माझ्याहून पक्कं असतं. कॉमा मात्र ठरावीक पाच-सहा जागी चुकतो, आणि सगळ्यांचा त्याच जागी चुकतो. डोंबिवलीहून येणारीचा आणि विरारहून येणाऱ्याचाही. त्या अर्थी हा निष्काळजीपणा नाही. यामागे एक कारण आहे, आणि ते आपल्या मराठीच्या घडणीत आहे. ते एकदा कळलं की दुरुस्तीला फार वेळ लागत नाही.

खालची इंग्रजी वाक्यं मी मुद्दाम देवनागरीतच लिहिते आहे. वर्गातही मी फळ्यावर असंच करते. स्पेलिंग डोळ्यांसमोर नसलं की लक्ष वाक्याच्या जोडांकडे जातं.

श्वासाचा नियम आधी बाजूला ठेवा

‘जिथे थांबतो तिथे कॉमा’ हा नियम आपल्यापैकी बहुतेकांनी पाचवी-सहावीत ऐकलेला असतो. तो अगदीच बिनबुडाचा नाही. प्राचीन ग्रीकांच्या काळात विरामखुणा होत्या त्या मोठ्यानं वाचणाऱ्यासाठीच. ‘कॉमा’ हा शब्दसुद्धा ग्रीक आहे आणि त्याचा अर्थ ‘कापलेला तुकडा’. पण आजच्या इंग्रजीत कॉमा श्वास दाखवत नाही, तो वाक्याचा सांधा दाखवतो. श्वास प्रत्येकाचा वेगळा असतो. सांधा सगळ्यांसाठी एकाच जागी असतो. वाद मिटत नाही याचं पहिलं कारण हेच: एक माणूस सांध्याबद्दल बोलत असतो, दुसरा श्वासाबद्दल, आणि दोघांनाही वाटतं की आपण एकाच गोष्टीवर भांडतो आहोत.

मूळ कारण: आपलं वाक्य क्रियापदावर मिटतं

हे नीट समजून घ्या, कारण पुढच्या बहुतेक चुका इथूनच फुटतात.

‘मी बिल तपासलं, आकडा चुकीचा निघाला, लगेच फोन केला.’ हे उत्तम मराठी आहे. यात तीन पूर्ण वाक्यं नुसत्या कॉम्यांवर उभी आहेत आणि कुणाला काही खटकत नाही. का खटकत नाही? तपासलं, निघाला, केला. क्रियापद आलं की मराठी ऐकणाऱ्याला कळतं, इथे एक गोष्ट संपली. कडी क्रियापदानंच लावलेली असते, कॉमा फक्त शोभेला. जुन्या मोडी कागदांत तर विरामचिन्हं नव्हतीच, शब्दाशब्दांत अंतरही सोडत नसत, तरी पेशव्यांच्या दप्तरापासून सावकाराच्या वहीपर्यंत सगळा कारभार चालला. मराठीत विरामचिन्हं रुळली ती एकोणिसाव्या शतकात, छपाई आणि इंग्रजी शिक्षणाबरोबर. त्याचं श्रेय इंग्रज कोशकार आणि भाषांतरकार मेजर थॉमस कँडी यांना दिलं जातं. म्हणजे कॉमा आपल्याकडे उशिरा आलेला पाहुणा आहे. तो नसतानाही घर चालत होतं.

इंग्रजीत क्रियापद वाक्याच्या मध्यावर येतं. त्यानंतर कर्म, मग कुठे, मग कधी, मग कुणासाठी, असं वाक्य लांबत जातं. ते कुठे मिटलं हे क्रियापद सांगत नाही. ते सांगायचं काम विरामचिन्हांवर येऊन पडतं. म्हणून तिथे कॉमा शोभेचा नसतो, आणि मराठीच्या सवयीनं टाकलेला कॉमा तिथे चुकीची बातमी देतो.

तेव्हा वाद सुरू व्हायच्या आधी एकच गोष्ट करा. पेन्सिल घ्या, वाक्यातल्या प्रत्येक मुख्य क्रियापदाखाली रेघ मारा आणि त्याच्या कर्त्याभोवती गोल करा. हे झाल्याशिवाय कॉम्याबद्दल एक शब्द बोलायचा नाही. आमच्या विभागात हा आता शिरस्ताच आहे.

दोन वाक्यं एका कॉम्यावर टांगलेली

आमच्याकडे नव्यानं आलेल्या एका मुलाचं वाक्य होतं: ‘आय चेक्ड द बिल, द अमाउंट वॉज राँग, आय इन्फॉर्म्ड द व्हेंडर.’ त्याला रेघा मारायला सांगितल्या. चेक्ड, वॉज, इन्फॉर्म्ड. तीन रेघा. गोल केले: आय, अमाउंट, आय. तीन कर्ते. म्हणजे तीन स्वतंत्र संसार, आणि त्यांच्यामध्ये फक्त कॉमा. इंग्रजी व्याकरणात या चुकीला कॉमा स्प्लाइस म्हणतात. मुलगा म्हणाला, पण मॅडम, वाचताना तर नीट वाटतं. वाटणारच. तो ते मनातल्या मनात मराठीत वाचत होता.

दुरुस्तीचे मार्ग तीन. फुलस्टॉप देऊन वाक्य तोडा. किंवा कॉम्यासोबत अँड, बट, सो यांपैकी एक जोडशब्द द्या: ‘आय चेक्ड द बिल, अँड द अमाउंट वॉज राँग.’ किंवा दोन्ही वाक्यांचं नातं फार जवळचं असेल तर अर्धविराम, म्हणजे सेमीकोलन. माझा सल्ला सरळ आहे: पत्रात फुलस्टॉप द्या. फुलस्टॉपवर आजवर कुणी वाद घातलेला मी पाहिलेला नाही.

कुणीतरी हमखास विचारतं, मग ज्युलियस सीझरचं ‘आय केम, आय सॉ, आय काँकर्ड’ कसं चालतं? चालतं, कारण तिन्ही तुकडे इवलेसे आहेत, एकाच घडणीचे आहेत आणि कर्ता तोच आहे. व्हेंडरला लिहिलेल्या पत्रात तशी लय नसते.

याच चुकीचं ऑफिसातलं सगळ्यात पसरलेलं रूप म्हणजे ‘हाउएव्हर’. ‘द बिल वॉज पास्ड, हाउएव्हर, द पेमेंट इज पेंडिंग.’ मी रोज निदान एकदा हे वाक्य दुरुस्त करते. आपल्याला वाटतं हाउएव्हर म्हणजे ‘पण’, मग ‘बट’सारखंच वागेल. नाही वागत. ते आपल्या ‘मात्र’सारखं आहे. ‘पैसे मात्र आले नाहीत’ यात ‘मात्र’ दोन वाक्यं जोडत नाही, एका वाक्याच्या आत बसून सूर बदलतं. हाउएव्हर तसंच. दोन वाक्यांच्या मधल्या भिंतीचं काम त्याला जमत नाही. तिथे फुलस्टॉप द्या आणि मग: ‘हाउएव्हर, द पेमेंट इज पेंडिंग.’ देअरफोर, मोअरओव्हर, दस या सगळ्यांना हाच न्याय.

‘दॅट’च्या नंतरचा कॉमा

‘प्लीज नोट दॅट, द ऑफिस विल रिमेन क्लोज्ड ऑन मंडे.’ हा कॉमा सरळ ‘आपणांस कळविण्यात येते की,’ मधून उचललेला आहे. मराठीत ‘की’नंतर आपण थांबतो, लिहितानाही कॉमा देतो. इंग्रजीत दॅट पुढच्या वाक्याला चिकटलेलं असतं, त्यामुळे नंतर काही द्यायचं नाही. एवढंच.

एक अपवाद डोळ्यांत खुपू शकतो: ‘प्लीज नोट दॅट, इफ द पेमेंट इज लेट, इंटरेस्ट विल बी चार्ज्ड.’ इथे दॅटनंतर कॉमा दिसतो आणि तो बरोबर आहे. पण तो दॅटचा नाही. तो मध्ये आलेल्या इफच्या तुकड्याचा आहे, आणि त्याचा जोडीदार तुकड्याच्या शेवटी उभा आहे. तुकडा उचलला की दोन्ही कॉमे त्याच्याबरोबर जातात.

‘जो’ आणि ‘तो’ची सवय

आता सगळ्यात महत्त्वाची चूक, कारण हिच्यात नुसतं व्याकरण बिघडत नाही, अर्थ बदलतो.

आमच्या सोसायटीत, दादरला, काही वर्षांपूर्वी लिफ्टशेजारच्या फलकावर एक इंग्रजी नोटीस लागली. वाक्य होतं: ‘द मेंबर्स, हू हॅव नॉट पेड द मेंटेनन्स, विल बी चार्ज्ड इंटरेस्ट.’ दुसऱ्या दिवशी तिसऱ्या मजल्यावरचे काका पावती घेऊन खाली आले. ते निवृत्त शिक्षक, दर तिमाहीला पहिल्या आठवड्यात पैसे भरणारे. म्हणाले, या नोटिशीप्रमाणे आम्ही सगळेच थकबाकीदार. सेक्रेटरींना वाटलं काका उगाच खुसपट काढतायत. तासभर वाद झाला आणि शेवटी मला वर बोलावणं आलं.

काकांचं बरोबर होतं, आणि मी ते सेक्रेटरींसमोर बसून कागदावर दाखवलं. इंग्रजीत दोन कॉम्यांच्या मध्ये ठेवलेला तुकडा ही जादा माहिती असते. तो उचलून बाजूला ठेवला तरी वाक्याचा मुख्य अर्थ उरतो. मी मधल्या शब्दांवर बोट ठेवलं. काय उरलं? ‘द मेंबर्स विल बी चार्ज्ड इंटरेस्ट.’ सभासदांना व्याज लागेल. सगळ्यांना. आणि मधला तुकडा म्हणतो, या सभासदांनी पैसे भरलेले नाहीत. तेही सगळ्यांनीच. दोन्ही कॉमे काढले की तोच तुकडा गाळणीचं काम करतो: सभासदांपैकी ज्यांनी भरलं नाही, फक्त त्यांना. सेक्रेटरींना तेच म्हणायचं होतं. हेतूत काहीच खोट नव्हती. कॉम्यांनी दगा दिला.

मग ते कॉमे आले कुठून? सेक्रेटरींच्या मनातलं मराठी वाक्य बघा: ‘ज्या सभासदांनी देखभाल खर्च भरलेला नाही, त्यांना व्याज आकारण्यात येईल.’ जो-तो, ज्या-त्या, जेव्हा-तेव्हा. आपल्याकडे अशा वाक्याचे दोन तुकडे होतात आणि मध्ये कॉमा येतो. मराठीत तो अगदी योग्य आहे, कारण ‘ज्या’ आणि ‘त्यांना’ ही जोडी नेमकं कोण हे आधीच पक्कं करते. इंग्रजीत ‘त्यांना’ला जागाच नाही. ‘हू’ एकटा आहे, आणि तो गाळणी आहे की जादा माहिती, हे सांगायला कॉम्याशिवाय कुणी नाही.

घरातलं उदाहरण द्यायचं तर: ‘माय ब्रदर, हू लिव्ह्ज इन ठाणे, इज अ डॉक्टर.’ म्हणजे मला भाऊ एकच, तो डॉक्टर, आणि राहतो ठाण्याला. कॉमे काढा: ‘माय ब्रदर हू लिव्ह्ज इन ठाणे इज अ डॉक्टर.’ आता वाचणारा समजेल की मला भाऊ एकाहून अधिक आहेत आणि ठाण्याचा तो डॉक्टर. दोन्ही वाक्यं व्याकरणानं शुद्ध आहेत. कुठलं लिहायचं हे ठरवायला व्याकरणाचं पुस्तक कामाचं नाही, माझ्या आईला किती मुलगे ते ठाऊक हवं.

म्हणून इथे वाद घालण्यापेक्षा प्रश्न विचारा: सगळे, की त्यातले काही? सगळे असतील तर दोन कॉमे. काही असतील तर एकही नाही. ‘व्हिच’ आणि ‘दॅट’चा घोळही याच प्रश्नानं सुटतो. अमेरिकन संपादक गाळणीसाठी दॅटच वापरा असा आग्रह धरतात, ब्रिटिश इंग्रजीत व्हिचही चालतं, पण दोन्हीकडे गाळणीला कॉमा नाही आणि जादा माहितीला आहे.

याच सवयीची एक धाकटी बहीण आहे: एकच कॉमा, कर्ता आणि क्रियापद यांच्या मध्ये. ‘द फाइल सेंट बाय युअर अंधेरी ब्रँच लास्ट वीक, इज नॉट कम्प्लीट.’ कर्ता लांबला म्हणून हात थांबतो आणि कॉमा पडतो. काढून टाका. कर्ता आणि त्याचं क्रियापद यांच्यामध्ये कॉमे असतील तर दोन असावेत, नाहीतर शून्य. एक कधीच नाही. एकटा कॉमा दिसला की त्याचा जोडीदार शोधा, आणि सापडला नाही तर तोही पुसा.

तुकडा पुढे की मागे

जेव्हा-तेव्हा, जर-तर, जरी-तरी यांत मराठी पहिला तुकडा बहुतेक वेळा पुढेच ठेवतं. इंग्रजीत तो मागेही जातो, आणि जागेप्रमाणे कॉमा बदलतो. ‘व्हेन द पेमेंट कम्स, वी विल डिस्पॅच द गुड्स.’ तुकडा पुढे, कॉमा हवा. ‘वी विल डिस्पॅच द गुड्स व्हेन द पेमेंट कम्स.’ तुकडा मागे, कॉमा नको. ‘ऑल्दो’ने सुरू केलंत तर पुढे ‘बट’ घालू नका. ते आपलं ‘तरी’ आहे, इंग्रजीला त्याची गरज नाही, तिथे नुसता कॉमा पुरतो.

‘बिकॉज’च्या बाबतीत मात्र जपा. ‘ही डिड नॉट रिझाइन बिकॉज द सॅलरी वॉज लो.’ राजीनामा दिलाच नाही आणि त्याचं कारण कमी पगार, की राजीनामा दिला पण कारण पगार नव्हतं? वाक्यात नकार असेल तर बिकॉज असं दुहेरी बोलतं. ‘रिझाइन’नंतर कॉमा दिला तर पहिला अर्थ पुढे येतो, पण एवढ्या बारीक खुणेवर माणसाची नोकरी टांगू नये. वाक्यच बदला. ‘ही रिझाइन्ड, बट नॉट बिकॉज ऑफ द सॅलरी’ असं लिहिलं की प्रश्नच उरत नाही.

‘अँड’च्या आधी कॉमा द्यायचा का?

या एका प्रश्नावर आमच्याकडे सर्वांत जास्त आवाज चढतात, आणि खरं तर ही चूकच नाही. ‘मँगोज, बनानाज अँड पपायाज’ बरोबर. ‘मँगोज, बनानाज, अँड पपायाज’ तेही बरोबर. दुसऱ्या पद्धतीतल्या शेवटच्या कॉम्याला ऑक्सफर्ड कॉमा म्हणतात, कारण ऑक्सफर्ड विद्यापीठाच्या छापखान्यानं तो आपल्या नियमांत ठेवला. अमेरिकेतली पुस्तकं तो बहुधा देतात, वर्तमानपत्रं बहुधा गाळतात. मराठीत आपण ‘आंबे, केळी आणि पपया’ असंच लिहितो, म्हणून तो न देणं आपल्या हाताला सोपं जातं.

पण यादी गुंतागुंतीची झाली की हा छोटा कॉमा पैशांवर येऊन बसतो. अमेरिकेतल्या मेन राज्यात ओकहर्स्ट डेअरीच्या ड्रायव्हरांनी ओव्हरटाइमसाठी दावा लावला. कोणत्या कामांना ओव्हरटाइम नाही याची कायद्यात यादी होती आणि तिचा शेवट असा: ‘स्टोअरिंग, पॅकिंग फॉर शिपमेंट ऑर डिस्ट्रिब्यूशन’. ‘ऑर’च्या आधी कॉमा नव्हता. मग ‘डिस्ट्रिब्यूशन’ हे वेगळं काम, की ‘पॅकिंग’चाच एक हेतू? वेगळं काम मानलं तर माल पोचवणाऱ्या ड्रायव्हरांना ओव्हरटाइम नाही. पॅकिंगचा भाग मानलं तर ड्रायव्हर पॅकिंग करतच नाहीत, म्हणजे ओव्हरटाइम लागू. मार्च २०१७ मध्ये अपील न्यायालयानं सांगितलं की वाक्य संदिग्ध आहे, आणि संदिग्धता असेल तिथे कायद्याचा अर्थ कामगाराच्या बाजूनं लावायचा. २०१८ मध्ये ५० लाख डॉलर्सवर तडजोड झाली. मेननं नंतर ती यादी बदलली आणि कॉम्यांच्या जागी सेमीकोलन घातले.

आपल्याकडचं उदाहरण तर अजून जवळचं आहे. औषधे व सौंदर्यप्रसाधने कायदा, १९४०, कलम २७. त्यातले शब्द होते ‘मॅन्युफॅक्चर्स फॉर सेल, सेल्स, स्टॉक्स ऑर एग्झिबिट्स फॉर सेल’. महाराष्ट्र राज्याविरुद्धच्या एका अपिलात, जे १९७९ च्या कायदेअहवालांत छापलेलं आहे, सर्वोच्च न्यायालयानं बोट ठेवलं ते नेमकं ‘स्टॉक्स’वर: त्याच्यानंतर कॉमा नाही, म्हणून ‘स्टॉक्स ऑर एग्झिबिट्स फॉर सेल’ हा एकच अखंड तुकडा आहे. म्हणजे औषधं नुसती जवळ बाळगणं त्यात बसत नाही, ती विक्रीसाठी बाळगलेली असली पाहिजेत. नसलेल्या कॉम्यानं एका माणसाची शिक्षा फिरवली. आणि याच न्यायालयानं १९५२ मध्ये असंही म्हटलं होतं की कायद्याचा अर्थ लावताना विरामचिन्ह हा गौण घटक आहे. मला या दोन्हींत विरोध दिसत नाही. वाक्य चोख असेल तर कॉमा गौणच राहतो. वाक्य दोन दिशांना ओढलं जात असेल तर सगळा भार त्याच्यावर येतो.

तेव्हा या वादाची दुरुस्ती व्याकरणात शोधू नका. कार्यालयानं एकदा ठरवावं आणि लिहून ठेवावं. आमच्याकडे ठरलं आहे: साध्या यादीत शेवटचा कॉमा द्यायचा नाही, पण घोळ होत असेल तर द्यायचा. ‘वी मेट द डायरेक्टर्स, द अकाउंटंट अँड द लॉयर.’ अकाउंटंट आणि लॉयर हेच ते डायरेक्टर्स, की निराळे? इथे ‘अँड’च्या आधी कॉमा दिला की निदान तीन वेगळ्या नोंदी दिसतात. त्याहून बरं म्हणजे क्रम बदलणं: आधी लॉयर, मग अकाउंटंट, शेवटी डायरेक्टर्स.

किरकोळ, पण रोजचे

‘थँक यू, सर’ यात कॉमा हवा. ज्याला हाक मारतो ते नाव नेहमी वेगळं काढायचं. तारीख दिवस-महिना-वर्ष अशी लिहिली तर कॉम्याची गरज नाही: ‘१५ ऑगस्ट २०२४’. अमेरिकन पद्धतीनं महिना आधी लिहिला तर दिवसानंतर कॉमा, आणि वाक्य पुढे चालू असेल तर वर्षानंतरही. ‘डिअर सर’पुढे कॉमा दिलात तर ‘युअर्स फेथफुली’पुढेही द्या, गाळलात तर दोन्हीकडे गाळा. कर्ता एकच असेल तर ‘अँड’च्या आधी सहसा कॉमा नको: ‘ही साइन्ड द फॉर्म अँड सबमिटेड इट.’ मराठीत आपण ‘सही करून फॉर्म दिला’ म्हणतो, ‘करून’मध्येच जोड आलेला असतो. तसंच समजा.

संगणकाची रेघ ऐकायची का?

चुकीची वाटलेली जागा संगणक खाली रेघ मारून दाखवतो. कॉमा स्प्लाइस तो बऱ्यापैकी पकडतो, लांब कर्त्यानंतरचा एकटा कॉमाही बहुधा पकडतो. तेवढ्यासाठी ऐका. पण ‘हू’ आणि ‘व्हिच’च्या आधी तो सुचवतो तो कॉमा डोळे मिटून स्वीकारू नका. आमच्या इमारतीत किती जणांनी मेंटेनन्स भरला हे संगणकाला ठाऊक नाही. ते सेक्रेटरींना ठाऊक आहे.

एवढं करूनही वाद उरला तर

प्रत्येक कॉम्याच्या डोक्यावर पेन्सिलनं त्याचं काम लिहा. यादीतला आहे? अँड-बटसोबतचा आहे? पुढे आलेल्या तुकड्याच्या शेवटचा आहे? की जोडीतला, आणि जोडीतला असेल तर दुसरा कुठे आहे? ज्याचं काम लिहिता येत नाही तो पुसा. मग तो ठेवून आणि काढून अशा दोन्ही तऱ्हांनी वाक्य समोरच्याला वाचायला द्या. अर्थ तोच राहत असेल तर कार्यालयाचं ठरलेलं पाळा आणि पत्र जाऊ द्या. अर्थ बदलत असेल तर वाद थांबवा आणि ज्याला खरी माहिती आहे त्याला विचारा.

तो बिलाचा ड्राफ्ट लिहिणारा मुलगा गेल्या मंगळवारी माझ्या टेबलापाशी आला. वाक्य होतं: ‘द इन्व्हॉइसेस, व्हिच आर पेंडिंग, शुड बी क्लिअर्ड बाय फ्रायडे.’ दोन्ही कॉम्यांवर त्यानं पेन्सिलनं ‘जोडी’ लिहिलं होतं आणि पुढे प्रश्नचिन्ह. म्हणाला, “मॅडम, सगळी बिलं थकलीयत की काही?” मला माहीत नव्हतं. आम्ही अकाउंट्सला फोन लावला. १४ बिलांपैकी ३ चुकती झाली होती. त्यानं दोन्ही कॉमे खोडले आणि पत्र साडेचारच्या डिस्पॅचला गेलं.